लिहिणाऱ्याची लिपी आणि वाचणाऱ्याची लिपी

रायपूर शहराच्या जुन्या भागात बूढातालाब नावाचा एक विस्तीर्ण तलाव आहे. कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त १८७७ साली कामानिमित्त रायपुरास येऊन राहिले, तेव्हा त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्रनाथ या तलावाशेजारच्या बूढापारा वस्तीत सुमारे दोन वर्षे वाढला. म्हणून तलावाला पुढे विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले. पारा म्हणजे छत्तीसगढी बोलीत मोहल्ला. याच बूढापाऱ्यात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे, आणि तेथून जवळच तात्यापारा ही वस्ती आपल्या नावानेच जुन्या मराठी वस्तीची साक्ष देते. बंगाली, मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी अशा चार भाषा या एवढ्याशा टापूत शेजारधर्माने नांदल्या.

जेथे इतक्या भाषा एकत्र येतात, तेथे एक प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही, तो रोजच्या व्यवहाराचा होतो. एका हातातली माहिती दुसऱ्या हातात द्यायची ती कोणत्या रूपात द्यायची? कोणती लिपी, कोणती भाषा, कोणती तिथी, कोणती आकडेमोड? लिहिणाऱ्याला सोपे पडेल ते रूप घ्यायचे, की वाचणाऱ्याला उलगडेल ते? आज हाच प्रश्न संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात हवामान किंवा बाजारभाव दाखविणारे एखादे चिमुकले विजेट बांधणाऱ्या तरुणापुढे नव्या वेषात उभा राहतो. परंतु प्रश्न जुना आहे, आणि रायपूरच्या इतिहासात त्याची दोन-तीन चांगली उत्तरे दडलेली आहेत.

नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ साली बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चाल केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. या प्रदेशात मराठी भाषा आणि मोडी लिपी ही कचेरीच्या कामात रुजली ती त्यांच्याच काळात, असे छत्तीसगढचे इतिहासकार सांगतात. बिंबाजींच्या मागे हा प्रांत सुभेदारांच्या हाती गेला. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी १७९० साली जुन्या गढांची व्यवस्था मोडून सत्तावीस परगणे पाडले. परगण्यावर कमाविसदार आला, त्याच्या हाताखाली हिशेबाला फडणीस आणि खजिन्याला पोतदार बसला. गावाच्या पातळीवर मात्र पूर्वीचाच गौंटिया राहिला. गौंटिया छत्तीसगढी बोले, फडणीस मराठी लिही, आणि वर्षाचा ताळेबंद सुभ्याकडून नागपुरास जाई.

अशा कारभारात कागदाला किती महत्त्व असेल याची कल्पना करता येते. गावाचा वसूल, परगण्याची तेरीज, सुभ्याची झडती, असे आकडे पायरीपायरीने वर चढत. एका पायरीवरचा कागद दुसऱ्या पायरीवर नीट वाचला गेला नाही, तर चूक कागदावरच थांबत नसे. ती कोणाच्या तरी शेतावर आणि कोणाच्या तरी घरावर येऊन पडे.

ज्या लिपीत हे कागद लिहिले जात त्या मोडीची योग्यता प्रथम मान्य केली पाहिजे. ही लिपी देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात प्रचारात आणली, अशी परंपरागत समजूत आहे. तिचा उगम कसाही असो, सातशे वर्षे तिने महाराष्ट्राचा संसार सांभाळला. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरांची माळ गुंफीत जाई. अक्षराची वळणेच अशी घडविलेली, की एकाचा शेवट हा दुसऱ्याचा आरंभ व्हावा. दरबारात बोलणारा बोलत आहे आणि लिहिणारा त्याच्या बरोबरीने लिहीत आहे, ही किमया बालबोध लिपीत साधणे अवघड होते.

परंतु वेगाची किंमत कोणीतरी चुकवावीच लागते. मोडीत ती वाचणाऱ्याने चुकविली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' यांचे रूप एकच. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती. नेहमीचे शब्द आद्याक्षरावर आणि दोन दंडांवर भागविले जात. प्रत्येक शतकाचे वळण निराळे, प्रत्येक घराण्याची लकब निराळी. जो त्याच फडावर वाढला त्याला हे सारे सरावाने उलगडे. बाहेरच्याला ती जाळी वाटे. हा दोष एकट्या मोडीचा नव्हे. उत्तर हिंदुस्थानच्या पेढ्यांवर जी महाजनी लिपी चाले, तिच्यातही काना-मात्रा गाळण्याची रीत होती. 'काकाजी अजमेर गए' असे पेढीवरून लिहून आले आणि घरच्यांनी ते 'काकाजी आज मर गए' असे वाचून रडारड केली, ही बाजारातली जुनी गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. गोष्ट थट्टेची खरी, पण तिच्यातला सिद्धान्त पक्का आहे. लिहिणाऱ्याने जे गाळले ते वाचणाऱ्याला अंदाजाने भरावे लागते, आणि अंदाज चुकू शकतो.

मराठी दप्तरदारांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. त्यांनी त्यावर उपाय शोधले, आणि ते आजही अभ्यासण्याजोगे आहेत. लिपी शिथिल असली तरी पत्राचा साचा त्यांनी कडक ठेवला. कोणत्या योग्यतेच्या माणसाला कोणता मायना लिहावा, तारीख कोठे यावी, मजकूर कोठे सुरू व्हावा, हे सर्व ठरलेले असे. हेमाडपंती मेस्तक या नावाने अशा लेखनरीतीचे आणि हिशेबरीतीचे नियम जपले जात. सर्वांत महत्त्वाचा होता तो पत्राचा शेवट. मजकूर संपला की तेथे मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा उमटे. पुढील काळच्या पत्रांतून 'लेखनसीमा' हा शिक्का येई. येथे पत्र संपले, याच्या खाली कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. वाचणाऱ्याला दोन गोष्टी निश्चितपणे कळत: कागद पुरा पोचला आहे, आणि तो ज्याचा म्हणून आला आहे त्याचाच आहे. माहितीच्या देवघेवीला याहून मूलभूत अशी दुसरी गरज नाही.

एका बाबतीत मात्र साच्यानेही पुरेसे साहाय्य केले नाही, आणि ती बाब म्हणजे कालगणना. विठ्ठल दिनकरांनी परगणे पाडले ते १७९० हे वर्ष घ्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पंचांग शके १७१२ सांगे. उत्तरेकडच्या चैत्रादी रीतीने विक्रम संवत १८४७ चालू होते. मराठी दप्तरात शुहूर सन ११९१ पडे, तोही अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत. दक्षिणेच्या रीतीची फसली १२०० भरत असे. आणि त्याच वर्षी या प्रदेशातून गेलेल्या लेकी या इंग्रज प्रवाशाच्या लेखी इसवी सन १७९० होता. पुन्हा शुहूर आणि दक्षिणी फसली यांचे नवे वर्ष मृगाला, शकाचे चैत्राला. म्हणजे एकच दिवस पाच नावांनी ओळखला जाई, आणि कोणते नाव कोणत्या गणनेचे हे कागदावर प्रत्येक वेळी लिहिलेले असेच असे नाही. ज्याला संदर्भ ठाऊक त्याला अडचण नव्हती. पण दप्तराचा कागद संदर्भ ठाऊक असणाऱ्या माणसापेक्षा जास्त वर्षे जगतो, ही गोष्ट लिहिणाराच्या मनात क्वचितच येते.

१८१८ साली छत्तीसगढचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला. कर्नल ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, सत्तावीस परगण्यांची प्रथम आठ आणि लवकरच नऊ अशी फेरमांडणी केली आणि १८२० साली या सुभ्यावर इंग्रजीत अहवाल लिहिला. १८३० मध्ये हा प्रांत पुन्हा भोसल्यांकडे आला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला; त्यात नागपूर-वर्ध्याच्या बाजूला मराठी आणि रायपूर-बिलासपूरच्या बाजूला हिंदी अशी लोकभाषांची विभागणी राहिली. रायपूरच्या कचेऱ्यांतून मोडीचा वापर सरत गेला.

खुद्द महाराष्ट्रातही मोडीचे आसन डळमळू लागले होते, आणि त्याचे कारण राज्यकर्त्यांची मर्जी एवढेच नव्हते. मोठे कारण छापखाना होता. विल्यम कॅरे यांनी श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत; त्यांचा १८१० चा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांनी छापला गेला. या कामी त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मोडीचा सारा डौल अक्षराला अक्षर जोडण्यात, तर खिळ्याचा धर्म अक्षराला अक्षरापासून अलग ठेवण्याचा. हातातून वाहणारी लिपी शिशात ओतली की तिचा वेग जातो आणि संदिग्धता तेवढी शिल्लक राहते. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले ते देवनागरीत. १९१७ साली मुंबई सरकारने कारभाराची मुख्य लिपी म्हणून मोडीऐवजी बालबोध स्वीकारली. शाळांतून आणि खाजगी व्यवहारातून मोडी त्यानंतरही काही दशके चालली आणि मग हळूहळू मागे पडली.

देवनागरीला मराठीने दिलेले 'बालबोध' हे नावच येथे विचार करण्याजोगे आहे. बालालाही बोध व्हावा अशी ती बालबोध. लिपीचे नाव तिच्या आकारावरून किंवा तिच्या कर्त्यावरून न ठेवता तिच्या सर्वांत दुबळ्या वाचकावरून ठेवलेले आहे. मोडी ही लिहिणाऱ्याची लिपी होती. बालबोध ही वाचणाऱ्याची. वाचणारे मूठभर आणि ओळखीचे होते तोवर पहिली पुरली. वाचणारे अनेक आणि अनोळखी झाले तेव्हा दुसरीची गरज पडली.

रायपूरच्या मराठी माणसांनी हा धडा लिपीच्याही पलीकडे नेला. पं. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांचे शिक्षण रायपुरास झाले आणि १९२६ साली त्यांचे निधन झाले तेही येथेच. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. त्यांच्याबरोबर वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर होते. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी. घरातली भाषा त्यांना अधिक सुकर वाटली असती. परंतु ज्याच्या हाती मासिक पडायचे त्या वाचकाची भाषा हिंदी होती, आणि त्यांनी निवड वाचकाकडे पाहून केली. पुढे लोकमान्यांचे गीतारहस्य आणि समर्थांचा दासबोध हे ग्रंथ सप्रे यांनीच हिंदीत नेले. 'छत्तीसगढ मित्र' तीनच वर्षे चालले, पण हिंदी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान कायम झाले. मजकुरात मोल असेल आणि रूप वाचकाच्या आटोक्यातले असेल, तर अल्पायुषी पत्रही दूरवर पोचते, हे त्यावरून दिसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आला आणि जुनी गोष्ट नव्याने घडू लागली. भारतीय लिप्यांसाठी प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणारे इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही बरीच वर्षे कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून चालला तो निराळाच उपाय. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले कृतिदेव, शिवाजी असे टंक वापरले जात. टंकलेखकाची सवय मोडत नसे, काम झपाट्याने होई. पण तोच मजकूर दुसऱ्या कचेरीतल्या संगणकावर उघडला आणि तेथे तो टंक नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उमटे. ही आधुनिक काळातली मोडीच होती: आपल्या फडावर सुबोध, बाहेर दुर्बोध. युनिकोडने आकाराला क्रमांक न देता अक्षराला क्रमांक दिला, आणि 'दुसऱ्या' या शब्दातील खास मराठी वळणाच्या रकारालाही नियमाने जागा मिळाली.

अक्षरांचा प्रश्न सुटला तरी साच्याचा उरतोच. २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकांत डॅशबोर्ड नावाची सोय दिली आणि २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या व्हिस्टा प्रणालीबरोबर तशाच गॅजेटांची पट्टी घरोघर पोचली. घड्याळ, तापमान, भाव अशी एकेक नेमकी माहिती दाखविणारी ही लहान साधने. त्यांना दूरच्या यंत्राकडून माहिती मागवावी लागे. तिचा मायना कसा असावा? १९९८ मध्ये प्रमाण झालेल्या एक्सएमएल या पद्धतीत प्रत्येक बाबीच्या आधी तिचे नाव आणि बाब संपल्यावर पुन्हा तेच नाव लिहावे लागते, म्हणजे बाबीगणिक लेखनसीमा. मोठ्या, गुंतागुंतीच्या दस्तऐवजाला ही शिस्त शोभते. परंतु रायपूरचे आजचे तापमान एवढेच कळवायचे असेल तर मायनाच मजकुराहून लांब होतो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेल्या जेसन पद्धतीत नाव एकदाच लिहायचे, पुढे त्याचे मूल्य, आणि सगळ्यांभोवती कंसाची एक जोडी. शेवटचा कंस मिटला की पत्र संपले. यंत्र ती सहज वाचते, आणि थोडी ओळख असलेला माणूसही नुसत्या डोळ्यांनी वाचू शकतो. २०१७ च्या मानकाने तर खुल्या देवघेवीत जेसनचा मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ या एकाच संकेतात असावा असे बंधन घातले. म्हणजे टंकांच्या मोडीला तेथे वावच उरला नाही.

तथापि जेसनही निर्दोष नाही, आणि त्याचे दोष दप्तरदारांना ओळखीचे वाटले असते. त्यात तारखेला स्वतंत्र रूप नाही. ती साध्या मजकुरासारखी लिहावी लागते. दिवस आधी की महिना आधी हे दोन्ही बाजूंनी ठरविले नाही, तर शुहूर आणि फसलीचा घोळ पुन्हा उभा राहतो. यासाठीच वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे १९८८ चे आंतरराष्ट्रीय मानक जाणते लोक पाळतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आरंभीच्या काळात आलेला जेसन मजकूर जणू हुकूमच आहे असे समजून यंत्राकडून सरळ अमलात आणविण्याची चाल होती. मोर्तब न पाहता पत्रावर अंमल करावा तसा हा प्रकार. २००९ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या मानकात मजकूर केवळ वाचण्याची स्वतंत्र सोय आली तेव्हा त्याची गरज संपली. परक्या माहितीवर विसंबणाऱ्या छोट्या साधनांतून घातक आज्ञा शिरू शकतात, म्हणून २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आपली गॅजेटे बंद ठेवण्याचा सल्ला दिला. ॲपलचा डॅशबोर्डही २०१९ मध्ये निघून गेला. साधने गेली, त्यांच्यासाठी रूढ झालेली देवघेवीची सुबोध रीत मात्र राहिली.

यावरून शीघ्र आणि संक्षिप्त रूपे त्याज्य आहेत असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. एकाच फडावर, एकाच शिस्तीत वाढलेल्या माणसांनी आपसांत मोडी वापरावी, एकाच घराण्याच्या दोन यंत्रांनी आपसांत केवळ यंत्रालाच कळणारी आटोपशीर भाषा बोलावी, यात गैर काही नाही. गैर घडते ते घरातली भाषा वेशीबाहेर पाठविताना, आणि तिची किल्ली बरोबर न देताना.

ती किल्ली हरविली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जुन्या कागदांपैकी कितीतरी मोडीत निघाले आणि ते वाचू शकणाऱ्यांसाठी शोधाशोध करावी लागली. ज्या कुटुंबांचे भवितव्य त्या ओळींत होते, त्यांना स्वतःला त्या ओळी वाचता येत नव्हत्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतील पुष्कळसे अजून वाचकाची वाट पाहत आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले, ही त्या दृष्टीने समाधानाची घटना होय. लिहिणाऱ्याच्या लिपीला उशिरा का होईना, वाचणाऱ्याच्या सोयीची जोड मिळाली.

फडणिसाने लिहिलेला ताळेबंद नागपुरास कोण वाचणार हे फडणिसाला ठाऊक होते. तो आपल्या नातवाच्या नातवापुढे पुरावा म्हणून येईल हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज माहितीचे रूप ठरविणाऱ्याला तेवढी सबब उरलेली नाही. काम लहान असो वा मोठे, ते कोणाच्या हाती पडेल याचा विचार करताना ओळखीच्या वाचकावर थांबू नये. जो वाचक सर्वांत दूर आहे आणि ज्याला विचारायला कोणी नाही, त्याला जे उलगडेल ते रूप निवडावे. मराठीने आपल्या लिपीला बालबोध हे नाव देऊन ही कसोटी फार पूर्वीच सांगून ठेवली आहे.